हरवलेला घोडा आणि असईची बंदूक

(जीर्णोद्धार सोहळ्यानिमित्त झालेल्या भाषणाचा मजकूर)



गावात एखादे मोठे काम निघाले की त्या निमित्ताने घरोघरचे माळेही झाडले जातात. मग कुठे रुमालात बांधलेली मोडी कागदांची दप्तरे निघतात, कुठे घोड्याची रिकीब निघते, कुठे गंजलेला दांडपट्टा निघतो आणि एखाद्या घरातून बंदूक निघते. दप्तर निघाले तर लोक त्याला नमस्कार करून पुन्हा बांधून ठेवतात. बंदूक निघाली म्हणजे मात्र घरातली तरुण मंडळी ती ठीकठाक करायला बसतात. ही घाई किती महाग पडू शकते, आणि तेच काम समजून-उमजून केले तर त्यातून काय हाती लागते, हे सांगणारी एका बंदुकीची हकीकत आज आपणांपुढे येत आहे.

ही बंदूक जालना जिल्ह्यातील एका शेतकरी घराण्यातली. त्यांचे गाव असईपासून काही कोसांवर आहे. केळना आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात असई वसले आहे. तेथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे व नागपूरकर रघुजी भोसले यांच्या फौजेची इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली याच्याशी मोठी लढाई झाली. शिंद्यांच्या कवायती कंपूंच्या हाती चकमकीच्या बंदुका होत्या आणि कंपनी सरकारच्या शिपायांच्या हातीही त्याच होत्या. वेलस्लीचा जय झाला खरा, पण त्याची दीड हजारांवर माणसे मेली वा जखमी झाली. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ मध्ये वॉटर्लूला त्याने नेपोलियनचा पाडाव केला.

त्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या असे सांगत आले की, त्यांचे पूर्वज शिंद्यांच्या फौजेत होते आणि असईच्या रणात पडलेल्या एका तेलंग्याच्या हातची बंदूक त्यांनी घरी आणली. खंडेनवमीला ही गोष्ट दरवर्षी सांगितली जाई. बंदूक मात्र १९४८ च्या पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत कोणीतरी दडवली, ती दडलेलीच राहिली. घरातले आबा त्या वेळी अकरा वर्षांचे होते. त्यांना बंदूक आठवत होती, जागा आठवत नव्हती. पुढे २०२१ च्या दिवाळीनंतर जुने माळवद उतरवायला काढले, तेव्हा दोन तुळयांच्या मध्ये गोणपाटात गुंडाळलेली ती सापडली. आबांनी ती मांडीवर घेतली आणि बराच वेळ ते कोणाशी बोलले नाहीत.

आता बंदुकीची अवस्था पाहा. लांब लोखंडी नळी होती, लाकडी दस्ता होता. दस्त्याला टोकाकडे वाळवी लागली होती. उजव्या अंगाची यंत्राची पट्टी जागेवर होती, पण तिच्यावरचा घोडा गायब. घोडा म्हणजे ज्याच्या तोंडात गार धरलेली असते तो. गारेने ज्यावर घासायचे ते पोलाद गायब, त्याची कमान गायब, दोन-तीन स्क्रू गायब, नळीखाली राहणारा ठासायचा गज गायब आणि कुंद्याची पितळी पट्टीही गायब. पट्टीचे काय झाले ते मात्र घरात ठाऊक होते. ती फार पूर्वी मोडीत गेली आणि तिच्या पितळेत आणखी भर घालून तांब्या आला. तो तांब्या अजून वापरात आहे.

नातू आयटीआय झालेला, हाताने हुशार. त्याने त्याच संध्याकाळी बंदूक वेल्डिंगच्या दुकानात नेली, ग्राइंडरला तारेचा ब्रश लावला आणि नळीचे मागले वीतभर अंग आरशासारखे चमकवून आणले. हे करताना ठिणग्यांचा पाऊस पडत होता, असे त्यानेच नंतर सांगितले. त्याचे वडील, म्हणजे घराचे कर्ते, रात्री शेतावरून आले. त्यांनी बंदूक पाहिली आणि ती पुन्हा गोणपाटात गुंडाळून कपाटात कुलूपबंद केली. सकाळी ते पोलीस ठाण्यात गेले आणि घरात काय सापडले ते त्यांनी लेखी दिले.

येथे थोडे थांबले पाहिजे, कारण पुष्कळांची समजूत अशी की जुन्या बंदुकीला कायदा लागत नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ४५ मध्ये सूट आहे ती जुनाट धाटणीच्या, पुरातन मोलाच्या किंवा मोडक्या अशा शस्त्राला, आणि तीही केव्हा, तर जे दुरुस्त करून किंवा न करता अग्निशस्त्र म्हणून वापरता येणारच नाही अशाला. शब्द नीट ध्यानात घ्यावेत. आज उडत नाही एवढे पुरेसे नाही. दुरुस्त करूनही उडता कामा नये. ठासणीची बंदूक बार काढण्याजोगी असेल तर तिला परवाना लागतो, मग ती पणजोबांची असो की खापरपणजोबांची. शिवाय कलम ५ प्रमाणे बंदुकीची दुरुस्ती करणारालाही परवाना असावा लागतो. गावच्या लोहाराने मायेने एखादी कमान बसवून दिली तरी तो गुन्ह्यात सापडू शकतो. तेव्हा अशी वस्तू सापडली की प्रथम ठाण्यात जावे, लेखी द्यावे आणि पोच घ्यावी. पोच घ्यायला विसरू नये.

बंदूक जिल्ह्याच्या ठिकाणी पोलिसांच्या शस्त्र दुरुस्ती करणाऱ्या जाणकाराकडे गेली. त्याने पहिली गोष्ट केली ती अशी. एक सरळ लाकडी काठी नळीत तळापर्यंत घातली आणि तोंडाशी काठीवर खूण केली. मग तीच काठी बाहेरून नळीवर आडवी ठेवली. काठी आतून मागल्या बाजूच्या बारीक छिद्रापर्यंत, म्हणजे कानापर्यंत, पोहोचायला हवी होती. ती चार बोटे अलीकडेच थांबली. याचा अर्थ नळीच्या तळाशी काहीतरी होते, आणि ते काहीतरी म्हणजे भरलेला बार होता.

बंदुकीची दारू ही सोरा, गंधक आणि कोळसा यांची. कोरडी राहिली तर ती शंभर-दीडशे वर्षांनीही पेट घेऊ शकते. ती नासते असे समजणे चूक आहे. ज्या कानाशेजारी आदल्या महिन्यात ग्राइंडरच्या ठिणग्या उडत होत्या, त्या कानाच्या आत बार होता, आणि नातू बंदुकीचे तोंड पोटाकडे धरून बसला होता. हे ऐकल्यावर त्या मुलाच्या आईने काय केले असेल ते सांगायला नको.

जाणकाराने कानातून पाणी सोडून दारू भिजवली, दोन दिवस तशीच ठेवली आणि मग गजाच्या टोकाला पेच लावून शिशाची गोळी ओढून काढली. नळीचा व्यास पाऊण इंच, गोळी त्याहून थोडी बारीक, वजन सुमारे पावणेतीन तोळे. मागून निघालेला काळा चिखल पाहिल्यावर मुलगा का वाचला ते उमजले. माळवदातून झिरपलेल्या पाण्याने दारू कधीच ओली झाली होती. पण त्याच ओल्या दारूने आतून लोखंड खाल्ले होते. कानाच्या खाली नळीचे अंग इतके पातळ झाले होते की एके ठिकाणी सुई आरपार जाई. ही नळी कोणी कितीही दुरुस्त केली तरी बार सोसणार नाही, असा अभिप्राय त्याने दिला. पुढे सात महिन्यांनी बंदूक सुटीत बसते असे लेखी मिळाले आणि ती घरी परत आली. कागद कागदाच्या चालीने चालतो; त्यात कोणाचा दोष नाही. कर्त्यांनी तो कागद सातबाऱ्याच्या उताऱ्यांबरोबर ठेवला आहे, हे फार शहाणपणाचे झाले.

आता प्रश्न दुरुस्तीचा. बार काढायचा नाही हे ठरलेच होते. मग घोडा कशाला हवा? आबांचे म्हणणे असे की, खंडेनवमीला पुजायची ती वस्तू अंगाने पुरी असावी. हे म्हणणे सर्वांना पटले. जिल्ह्याच्या गावी बंदुकीच्या दुरुस्तीचा परवाना असलेले एक मिस्त्री होते. त्यांच्याकडे हे काम २०२३ च्या उन्हाळ्यात सोपवण्यात आले.

मिस्त्रींनी काय केले हे कळण्यासाठी या यंत्राची रीत थोडक्यात पाहू. तोड्याच्या बंदुकीत जळती वात रंजकाला लावतात. चकमकीच्या बंदुकीत वात नसते. घोड्याच्या दोन जबड्यांत चामड्यात गुंडाळलेली गार घट्ट धरलेली असते. घोडा मागे ओढला की आतली मोठी कमान ताणली जाते आणि खटका खाचेत अडकतो. चाप ओढला की खटका सुटतो आणि घोडा झपकन पुढे येतो. गार समोरच्या उभ्या पोलादावर घासत खाली जाते. ते पोलाद काटकोनात वाकलेले असते. त्याचा आडवा भाग रंजकाच्या वाटीचे झाकण असतो. घासल्याबरोबर पोलाद मागे उलटते, वाटी उघडी पडते, ठिणग्या रंजकात पडतात आणि ज्वाळा कानातून आत शिरते. लोक म्हणतात गारेतून ठिणगी निघते. खरे पाहता ठिणगी पोलादाची असते. गार इतकी कठीण की ती पोलादाचे कण खरवडून काढते आणि ते कण तापून हवेत जळतात. म्हणून पोलाद मऊ असेल तर जगातली उत्तम गारही काही करू शकत नाही. इंग्रज फौजेच्या गारा सफोक परगण्यातल्या ब्रँडन गावी फोडल्या जात. काळ्या, धारदार. एक गार वीस-तीस बारांनी बोथट होई.

मिस्त्रींनी पहिले पंधरा दिवस एकही नवा तुकडा बनवला नाही. त्यांनी स्क्रूंच्या डोक्यांवर तेल सोडले आणि बंदूक ठेवून दिली. रोज येऊन पुन्हा तेल. घाई केली तर स्क्रूची खाच तुटते आणि मग तो ड्रिलने काढावा लागतो, म्हणजे एक जुना भाग कायमचा गेला. नळीवरचा गंज त्यांनी पॉलिश पेपरने नव्हे, तर तांब्याच्या पट्टीने खरवडला. तांबे गंजाहून कठीण नसले तरी फुगलेला गंज त्याने निघतो आणि खालचे लोखंड ओरखडत नाही. नातवाने तेव्हा विचारले की, मूळ बंदूक तर शिपाई विटेच्या भुकटीने घासून चकचकीत ठेवत असत, मग चमकवले तर काय बिघडले? प्रश्न बिनतोड होता. इंग्रज पलटणींत त्या काळी नळ्या खरोखरच चकचकीत ठेवीत. मिस्त्री म्हणाले, "शिपायानं घासली तेव्हा तिच्यावरचे छाप नवे, खोल होते बाळा. आता ते केसाएवढे उरलेत. तू वीतभर घासलंस, तिथं काय होतं ते आता कोणालाच वाचता येणार नाही." नळीच्या त्याच भागावर परीक्षेचे शिक्के असतात. ते गेले ते गेलेच.

दस्ता अक्रोडाचा होता. वाळवीने खाल्लेला भाग कापून टाकावा असे सुताराचे मत पडले. मिस्त्रींनी ते मानले नाही. पोकळ झालेल्या जागी सुताराकडून डिंक आणि लाकडाचा भुसा भरून घेतला, वर जवसाच्या तेलाचे पातळ हात दिले आणि शेवटी मेण. कुंद्याची पितळी पट्टी नवी केली नाही. लाकडात तिचा ठसा स्पष्ट आहे, पाहणाऱ्याला ती कशी होती ते कळते, आणि तिच्याविना काही अडत नाही.

नळी मोजली ती ३९ इंच भरली. ही गोष्ट महत्त्वाची. इंग्लंडच्या सरकारी पायदळाची बंदूक प्रथम ४६ इंची नळीची असे, नंतर ४२ इंची आली. ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या हिंदुस्थानातील फौजेसाठी ३९ इंची नळीची आटोपशीर आणि स्वस्त बंदूक काढली. फ्रान्सशी युद्ध जुंपल्यावर बंदुका कमी पडू लागल्या तेव्हा खुद्द इंग्लंडच्या सरकारने कंपनीच्या बंदुका घेतल्या आणि १७९७ च्या सुमारास हाच नमुना आपलासा केला. त्याला इंडिया पॅटर्न म्हणतात. तेव्हा १८०३ च्या असईत अशी बंदूक असणे अगदी शक्य होते. हे कळल्यावर आबांना फार आनंद झाला. त्यांनी मिस्त्रींना घरी जेवायला बोलावले.

त्या जेवणाच्या वेळी दुसरी एक गोष्ट घडली. घरात आबांच्या थोरल्या वहिनी आहेत, वय नव्वदीच्या पुढे, ऐकू कमी येते. मिस्त्री हाताने पोलादाचा आकार दाखवत होते, उभा तुकडा आणि खाली आडवी जीभ. म्हातारीने ते पाहिले आणि म्हणाली, "तसलं तर आमच्या चकमकीत हाय की." सगळे तिच्याकडे पाहू लागले. काड्यापेटी महाग होती त्या दिवसांत गुराखी चकमक बाळगीत. एक गार, एक पोलाद आणि सावरीचा कापूस. म्हातारीच्या सासऱ्यांची चंची तिने लुगड्याच्या बोचक्यात जपून ठेवली होती. त्या चंचीतून जे पोलाद निघाले ते या बंदुकीचेच. मिस्त्रींनी ते यंत्राच्या पट्टीवर ठेवले, रंजकाच्या वाटीवर त्याचे झाकण केसाचीही फट न ठेवता बसले. दोन पिढ्या त्यावर चिलमी पेटल्या होत्या आणि उभा भाग मधोमध घासून खोलगट झाला होता. तो भरून, घासून सपाट करणे सोपे होते. मिस्त्रींनी त्याला हात लावला नाही. चिलमींची झीज हीदेखील त्या पोलादाचीच होती.

मग यंत्राच्या पट्टीची पाळी आली. तांब्याची पट्टी आणि तेल यांनी चार दिवस काम केल्यावर गंजाखालून एक आकृती वर आली. मागल्या पायांवर उभा राहिलेला, पुढच्या पंजात मुकुट धरलेला सिंह. हे कंपनी सरकारचे चिन्ह. परंतु कंपनीच्या बंदुकांवर सिंह पहिल्यापासून नव्हता. आधी हृदयाच्या आकाराचे चिन्ह असे आणि त्यात कंपनीची अक्षरे. सिंह आला तो १८०८ पासून.

असईची लढाई १८०३ ची.

मिस्त्रींनी हे कर्त्यांना एकट्याला गाठून सांगितले. कर्ते म्हणाले, आबांना कळू देऊ नका. मग दोघांत जे बोलणे झाले ते साधे नव्हते. घोडा नवा करायचाच होता, आणि घोड्याचे दोन प्रकार होते. जुना प्रकार हंसाच्या मानेसारखा सडपातळ वळणाचा. पण ही मान बारमध्ये मोडे, म्हणून इंग्लंडच्या सरकारी बंदुकांना १८०९ पासून मानेत कडे सोडलेला जाड, मजबूत घोडा आला. कंपनीच्या सिंहछाप बंदुकांवरही आज बहुधा हाच दिसतो. काठमांडूच्या जुन्या राजवाड्यातील शस्त्रागारात अशा बंदुका पिढ्यान्‌पिढ्या पडून होत्या. तो सगळा साठा २००३ मध्ये अमेरिकन व्यापाऱ्यांनी विकत घेतला. वाळलेले ग्रीस आणि धूळ काढून, एकाचे भाग दुसऱ्याला लावून त्या जगभर विकल्या गेल्या, त्यामुळे त्यांची मापे आणि चित्रे जाणकारांना मिळतात. कर्त्यांचे म्हणणे, हंसाच्या मानेचा घोडा बसवा. सिंहावर पुन्हा थोडा काळपट लेप द्या. आबांचे वय झाले आहे, त्यांचा असईचा विश्वास राहू द्या. मुलाने बापासाठी असे म्हणावे यात वाईट काही नाही. पण मिस्त्री म्हणाले, "मालक, पुढच्या माणसाला माझा घोडाच खरा वाटंल. बंदुकीला जीभ नसती. जे तोंडात घालू तेच ती बोलती."

आठ दिवस काम बंद राहिले. अखेर कर्त्यांनीच आबांना सांगितले.

आबा रागावले. खापरपणजोबा खोटे बोलले का, असे त्यांनी विचारले. कोणी उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी ते स्वतः बसने जिल्ह्याच्या गावी गेले, मिस्त्रींच्या दुकानात बसले आणि भिंगातून त्यांनी सिंह पाहिला. जालना आणि औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, येथे असईनंतर बरीच वर्षे इंग्रजांच्या छावण्या होत्या, हे मिस्त्रींनी त्यांना सांगितले. कंपनीच्या बंदुका तिकडे पुष्कळ असणार. पूर्वज असईत लढले असतील आणि बंदूक मागाहून दुसऱ्या वाटेने घरात आली असेल. दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या असतील. आबांनी ऐकून घेतले. जाताना ते म्हणाले, "जाड मानेचा करा."

घोडा घडवण्याचे काम मग सुरू झाले. आतल्या आसाचे चौकोनी टोक शाबूत होते, त्यावरून घोड्याच्या भोकाचे माप मिळाले. पट्टीवर जेथे जुना घोडा टेकत असे तेथे गंज कमी चढला होता, त्यावरून त्याच्या पायाची रुंदी कळली. उंची कशी ठरवायची? मिस्त्रींनी आधी सागाचा घोडा कोरला, त्याच्या जबड्यात चिकणमातीचा गोळा बसवला आणि तो हाताने पुढे-मागे करून पाहिला. गार पोलादाच्या वरच्या अंगाला लागली पाहिजे आणि घासत उतरून तिचे टोक वाटीकडे पाहत थांबले पाहिजे. लाकडाचे तीन घोडे वाया गेले. चौथा बसला. त्याच्याबरहुकूम लोखंडाचा घोडा कानशीने घडवला. बाजारात तयार ओतीव घोडे मिळतात, पण त्यांतला एकही त्या चौकोनावर बसेना. जुना आस घासून तो बसवता आला असता. जुने घासायचे नाही, नवे घासायचे, या एका नियमावर मिस्त्री अडून राहिले.

स्क्रूंनी सर्वांत जास्त वेळ खाल्ला. स्क्रूच्या आट्यांची ठरीव मापे इंग्लंडात व्हिटवर्थ नावाच्या अभियंत्याने १८४१ मध्ये सुचवली. त्यापूर्वी जो तो कारखानदार आपल्या आट्या आपल्या मापाने पाडी. एका बंदुकीचा स्क्रू शेजारच्या बंदुकीला लागेलच असे नव्हते. म्हणून भोकात मेण दाबून आट्यांचा साचा घेतला आणि लेथवर तशाच आट्या पाडल्या. भोकाला नवा टॅप मारला असता तर पाच मिनिटांचे काम होते.

पोलादाखालची कमान लॉरीच्या जुन्या पाट्यातून काढली. पहिली तिसऱ्या उघडझापीला कटकन मोडली. पाणी दिल्यावर ती पुरेशी उतरवली नव्हती. दुसरी तेलात विझवली, घासून चकचकीत केली आणि मग हळूहळू तापवत नेली. रंग पिवळा झाला, तांबूस झाला, जांभळा झाला आणि मोराच्या गळ्यासारखा निळा येताच काढून घेतली. ती अजून टिकली आहे. गज साध्या पोलादी सळईचा केला.

प्रत्येक नव्या तुकड्याच्या आतल्या अंगाला, जेथे बाहेरून दिसत नाही तेथे, मिस्त्रींनी २०२३ हा आकडा ठोकला. मिस्त्रींच्या दुकानी एकदाच, रंजक न घालता, चाप ओढून पाहिला. चंचीतलीच गार लावली होती. चार-पाच ठिणग्या वाटीत पडल्या आणि विझल्या. आबांनी पुन्हा एकदा म्हणून सांगितले, पण मिस्त्रींनी घोडा खाली सोडून गार काढून त्यांच्या हातात दिली.

बंदूक २०२३ च्या खंडेनवमीला पुजली गेली. तिच्याखाली भिंतीवर एक पुठ्ठा लावला आहे. मजकूर आबांनी सांगितला आणि नातवाने सुवाच्य अक्षरात लिहिला. तो असा आहे: "ही बंदूक असईच्या लढाईतील असल्याचे आमच्या घराण्यात सांगत आले. हिच्यावरील सिंहाचा छाप १८०८ नंतरचा आहे. घोडा, स्क्रू, पोलादाखालची कमान व गज नवे, सन २०२३. पोलाद जुने, घरात चकमक म्हणून वापरलेले. कुंद्याची पट्टी नाही. नळीचा मागील भाग घरच्या माणसाकडून घासला गेला." शेवटचे वाक्य नातवाने आपणहून घातले.

पुठ्ठ्याखाली आबांची सही आहे. बंदूक उंचावर टांगायची होती, परंतु आबांनी ती खाली, पोरांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावायला सांगितली, म्हणजे सिंह दिसेल. गार मात्र पुन्हा चंचीत गेली आणि चंची थोरल्या वहिनींच्या बोचक्यात.